वंगण आणि गिअर ऑइल : छावणीतील एका दुर्लक्षित कामाचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या वाहतुकीच्या इतिहासात छावणीचे महत्त्व तिच्या जागेमुळे आले. खाम नदीच्या पश्चिमेला, निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे एकोणिसाव्या शतकात येथे वसले. लोखंडी पुलाने ते शहराशी जोडले गेले आणि वेरूळचा व पुण्याचा असे दोन्ही रस्ते नगर नाक्यावर फुटू लागले. फौजेमागे बैलगाड्या आल्या आणि गाड्यांमागे वंगण आले. एरंडेलात भिजवलेली चिंधी कण्याला घालणे हे गाडीवानाचे नित्याचे काम होते, कारण वंगण आटले की चाक कुरकुरू लागे आणि ते कोसभर आधीच ऐकू येई. मोटारीचा गिअरबॉक्स, म्हणजे इंजिनाचा वेग आणि जोर दातेरी चाकांच्या जोड्यांमधून कमी-जास्त करणारी बंद पेटी, अशी सूचना फार उशिरा देतो. त्याचा आवाज येऊ लागतो तेव्हा दाते झिजलेले असतात. गिअर ऑइल बदलण्याचे काम मोटारीच्या जन्मापासून मागे पडत आले, ते यामुळेच.

हे काम आवाजाची वाट न पाहता अंतर मोजून करण्याची शिस्त मोठ्या संस्थांनी लावली. निजाम राज्यात रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. लष्करात 1943 मध्ये यंत्रदुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभे राहिले. पुढे एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक याच शहरात, चिकलठाण्याला झाली. खासगी गाडीवाल्याला मात्र चाललेल्या अंतराची वही ठेवणारे कोणी नव्हते.

ही उणीव सर्वांत जास्त भोवली ती मॅटाडोरला. 1958 मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीने जर्मन आराखड्यावरून 1969 मध्ये बाजारात आणलेली ही व्हॅन भाजीपासून पर्यटकांपर्यंत आणि वऱ्हाडापासून रुग्णांपर्यंत सर्व काही वाहत असे, आणि मागच्या मोकळ्या जागेत अंथरूण व स्टोव्ह मांडला की तिचे फिरते घर सहज होई. तिचे इंजिन पुढच्या चाकांना ओढायला लावत असल्याने गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, हे दोन्ही पुढेच होते आणि भाराबरोबर ओढण्याचे सारे काम त्याच बाजूवर पडे. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे 1979 पूर्वी भारतात येणाऱ्या प्रवाशांच्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये हीच जोडी मागे, एकाच कवचात असे, आणि दोघांना मिळून सुमारे साडेतीन लिटर तेल पुरे.

गॅरेजात ज्याला सरसकट ‘नव्वद नंबरचे ऑइल’ म्हटले जाते, त्यातला नव्वद हा आकडा केवळ दाटपणा सांगतो. तेलाची जात त्यातून कळत नाही, आणि जुन्या गाडीचे नुकसान नेमके इथे होते. 1928 मध्ये कॅडिलॅकने आणलेल्या सिंक्रोमेश पद्धतीत दोन चाकांची गती जुळवून मगच दाते अडकवले जातात, आणि ही जुळवाजुळव करणारी कडी बहुधा पितळेची असतात. जास्त दाबाखाली दाते खरवडू नयेत म्हणून तेलात गंधकाची संयुगे मिसळतात, ज्यांच्यामुळे जुन्या तेलाला तो ओळखीचा उग्र वास येतो. हे प्रमाण जीएल-5 प्रतीत जास्त असून त्यातील काही तेले पितळ खातात, म्हणून पितळी कड्यांच्या जुन्या गिअरबॉक्सला सामान्यतः जीएल-4 प्रत योग्य ठरते. महागडे तेल ते चांगले, हा समज येथे उपयोगाचा नाही.

कृती साधी आहे, पण तिचा क्रम चुकता कामा नये. गाडी थोडी चालवून तेल पातळ झाल्यावर, ती सपाट जागी उभी करून प्रथम वरचा, भरण्याचा नट सैल करून पाहावा लागतो. खालचा नट आधी उघडून सारे तेल सांडले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. नंतर खालच्या नटावर चिकटलेला लोखंडी चुरा तपासला जातो: बारीक भुकटी ही नेहमीची झीज, तुकडे दिसले तर दाता मोडलेला. नटाखालचे वॉशर बदलून, भरण्याच्या तोंडातून तेल ओघळू लागेपर्यंत नवे भरले की काम संपते.

2000 मध्ये मॅटाडोरचे उत्पादन थांबले. 1987 पासूनच्या टेम्पो ट्रॅव्हलरने तिची जागा घेतली, त्यात डिफरन्शियल मागच्या धुरीवर गेला आणि तेल दोन ठिकाणी बदलावे लागू लागले. 2021 मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर फिरत्या घरांची चर्चा पुन्हा सुरू झाली. काढलेल्या काळ्या तेलाची विल्हेवाटही बदलली: पूर्वी ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासले जाई किंवा गटारात जाई. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावे लागते.