वनविश्रामगृह, तलावकाठचे

वनाधिकाऱ्यांच्या फिरतीवरील मुक्कामासाठी वनात बांधलेली वास्तू. मध्य प्रांतातील राखीव वनांत ब्रिटिश अमदानीत अशी विश्रामगृहे उभी राहिली. दगडी जोते, रुंद पडवी व उतरते कौलारू छप्पर ही त्यांची सर्वसाधारण रचना होय. एकमजली असल्याने ती झाडांच्या शेंड्यांखाली राहत व परिसरात सहज मिसळून जात.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तलाव हे या संदर्भात महत्त्वाचे स्थळ आहे. तलावाच्या काठी तारू या गोंड दैवताचे ठाणे असून पाण्यात मगरी आढळतात. तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात १९५५ मध्ये येथे ११६.५५ चौ. किमी.चे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि तलावाकाठच्या विश्रामगृहांत पर्यटकही उतरू लागले. वास्तू झाडीत दडली, तरी दिवे, वाहने व आवाज दडत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात त्याच पाण्यावर वन्य प्राणी येतात. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत पर्यटनासाठी नवी बांधकामे करू नयेत व असलेल्या कायम सुविधा टप्प्याटप्प्याने हटवाव्यात, असे केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरविले.

यावरून निसर्गानुरूप रचनेची पहिली कसोटी जागेची निवड हीच ठरते. बांधणीची शैली त्यानंतर येते. गडचांदूरजवळील अमलनाल्यासारख्या जलाशयाकाठीही वास्तू पूर्ण जलपातळीपासून दूर ठेवणे, काठ झाडांसाठी मोकळा सोडणे, सांडपाणी जलाशयात जाऊ न देणे व दिवे झाकलेले ठेवणे अगत्याचे आहे.