पारणं न होणारा उपास

१९७२ च्या दुष्काळात मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळकरी मुलगी होते. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आई पदरात बांधून आणायची आणि आम्ही भावंडं दारात तिची वाट पाहत बसायचो. त्यामुळे उपाशी राहण्याचा अर्थ मला एकच ठाऊक होता : घरात नसतं म्हणून माणूस उपाशी राहतो. भरल्या घरात कुणी खंगत जाईल, हे इतिहासाची शिक्षिका झाल्यावरही माझ्या ध्यानात आलं नाही.

नव्वदच्या दशकात माझ्या नववीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी आणि एकादशी, असे तिचे उपास वाढत गेले. फराळही नको म्हणायची. डबा मैत्रिणींना वाटून टाकायची. 'मनाचा निग्रह असा असावा,' असं मी भर वर्गात तिचं कौतुक केलं. वर्षभरात ती काठीसारखी झाली, पाळी थांबली, प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. घरच्यांनी अंगारेधुपारे केले, सलाइन लावून आणलं. शेवटी मोठ्या शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा ती सावरली. पण शिक्षणाची दोन वर्षं गेली. माझं ते कौतुक मला आजही बोचतं.

म्हणून मी या आजाराचा इतिहास वाचू लागले. १६८९ मध्ये लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत लिहिली. ताप नाही, खोकला नाही, तरी क्षय झाल्यासारखी ती झिजत गेली आणि दगावली. १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे हाच आजार वर्णिला. गल यांनी त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं. नावाचा अर्थ 'भूक नसणं'. पण बहुतेकींना भूक असते, ती दाबली जाते. त्या काळचा उपाय म्हणजे नातेवाइकांपासून दूर ठेवणं आणि रोग्याची इच्छा असो-नसो, वेळेवर खाऊ घालणं. जीव त्यानं वाचे. पण मनातल्या विचाराला कुणी हात लावत नसे.

श्रोतेहो, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे, उदास झाले; दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. म्हणजे उपासमारच मन बिघडवते. 'हट्टी झाली आहे' असं आपण जिला म्हणतो, तिचा हट्टही काही अंशी उपासमारीचाच असतो. म्हणून उपचाराची सुरुवात अन्नापासूनच करावी लागते.

विचाराला हात घातला तो पुढच्या पिढीनं. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून आणि फिलाडेल्फियाचे एरन बेक यांनी साठच्या दशकात सांगितलं, की घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला विचार आपल्याला जास्त छळतो. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करणारे मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी हा विवेकनिष्ठ विचार मराठी माणसापर्यंत आणला. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया', म्हणजे बकाबका खाऊन मग उलटी काढण्याचा विकार वर्णिला. त्यावर ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ मध्ये विचार आणि वर्तन दोन्ही बदलणारी उपचारपद्धती मांडली. पुढे ती इतर आहारविकारांसाठीही वाढवली.

पद्धत ऐकायला साधी आहे. काय खाल्लं, कधी खाल्लं, तेव्हा मनात काय आलं, हे वहीत लगेच लिहायचं. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी वेळेवर घ्यायची. 'एक पोळी जास्त खाल्ली की मी वाया गेले' यांसारखा विचार पुराव्यावर तपासायचा. वजन फार घटलेलं नसेल तर साधारण वीस बैठका, घटलं असेल तर चाळीसच्या आसपास. हे सर्वांनाच लागू पडतं असं नाही. शाळकरी मुलींसाठी आईवडिलांना सोबत घेऊन केलेले उपचार आधी सुचवले जातात.

हा आजार फक्त परदेशातला नव्हे. १९९५ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच भारतीय तरुणींच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. जेवण टाळणं, उलट्या, घटतं वजन, सगळं होतं. 'मी लठ्ठ आहे' हा पाश्चात्त्य पुस्तकांतला समज मात्र दिसत नव्हता. माझ्या विद्यार्थिनीच्या तोंडीही तो शब्द कधी आला नव्हता. म्हणूनच आम्ही फसलो.

उपास वाईट, असं मला म्हणायचं नाही. माझी आई एकादशी करायची आणि द्वादशीला सगळ्यांबरोबर पोटभर जेवायची. ज्या लेकराचं पारणंच होत नाही, वजन उतरत चाललं आहे, पाळी थांबली आहे, त्याचं कौतुक करू नका आणि त्याला रागावूही नका. डॉक्टरांकडे न्या. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा फोन क्रमांकही आहे. तिथे मराठीत बोलता येतं. मला त्या वर्षी एवढं माहीत असतं, तर वर्गात मी तिचं कौतुक केलं नसतं. मधल्या सुट्टीत माझा डबा घेऊन तिच्याशेजारी बसले असते.