सदनिका आपली, जमीन कोणाची?

मुंबईत घर घेणारा माणूस भिंती ठोकून पाहतो, नळ सोडून पाहतो, चौरस फुटाच्या भावावर घासाघीस करतो. पण पायाखालची भुई कोणाची, हे क्वचितच विचारतो. या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टाने दादर-माटुंग्याकडे वसाहती आखल्या, परंतु तेथील भूखंड लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. १९३३ साली ट्रस्टाचा कारभार महापालिकेकडे गेला. इमारत एकाची नि जमीन दुसऱ्याची, हा प्रकार अशा रीतीने रुजला. मुदत सरत आली की नूतनीकरण व वाढीव भुईभाडे यांचे ओझे अखेर राहणाऱ्यावरच पडते.

यातून एक वाट सहकाराने दाखवली. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था नोंदवली. घरमालक नि भाडेकरू हा भेदच तिथे उरला नाही. सर्वांनी मिळून मालक व्हायचे होते.

स्वातंत्र्यानंतर ‘ओनरशिप’च्या सदनिका आल्या. पैसे आधी, कागद मागाहून, अशी रीत पडू लागली. तिला आवर घालण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्राने कायदा केला: करार लेखी व नोंदणीकृत हवा, घेतलेल्या रकमांचा हिशेब वेगळा हवा, रहिवाशांची संस्था स्थापन करून जमीन-इमारतीतले हक्क तिच्या नावे करून द्यावेत. तरीही पुष्कळ ठिकाणी जमीन बांधणाऱ्याच्याच नावावर राहिली. तेव्हा २००८ सालच्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आले. बांधणारा टाळाटाळ करीत असला, तरी संस्थेला सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येते.

दुसरा प्रश्न मासिक आकारणीचा. आमच्या चळवळीत कामगाराला पहिला धडा देतात तो पगारपत्रकातली कपात वाचण्याचा. संस्थेचे बिलही तसेच वाचावे. आदर्श उपविधींप्रमाणे पहारेकरी, सफाई, कचेरी यांचा सेवाखर्च प्रत्येक सदनिकेवर सारखा बसतो, घर लहान असो वा मोठे. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, तर निक्षेप निधी बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का. मात्र १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील इमारतीत खर्चाची वाटणी मालकीच्या हिश्श्याप्रमाणे होते. म्हणून आधी विचारावे, ही सोसायटी की अपार्टमेंट?

तेव्हा सही करण्यापूर्वी चार कागद मागावेत: जमिनीचा उतारा, भाडेपट्टा असल्यास त्याची प्रत व उरलेली मुदत, अभिहस्तांतरणाचा दस्त, आणि संस्थेचे तपासलेले हिशेब. जन्माची पुंजी लावणाऱ्याने इतके विचारण्यात संकोच कसला? आणि जो विकणारा या प्रश्नांनी रागावतो, त्याने उत्तर दिलेच असे समजावे.