तोरण्याचे नाव कोणी राखले?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर लागते. भातखाचरांचा हा मुलूख, आणि याच मुलखात राजगड व तोरणा हे दोन गड. इथे येणाऱ्या डोंगरभटक्यांच्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना त्यातले विषय पाठ असतात. पाली दरवाजाने चढून चोर दरवाजाने गुंजवण्याला उतरायचे की उलट, संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याची धार धरली तर उन्हाच्या आत पोचता येईल का, बुधल्याच्या बाजूला घसारा किती, टाक्यातले पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पिण्याजोगे राहते. बाहेरच्या माणसाला ही वेळ घालवण्याची बडबड वाटते. गिर्यारोहणाचा इतिहास लिहितानाही आपण संस्था, मोहिमा आणि शिखरे मोजतो, या बोलण्याकडे लक्ष देत नाही. माझे म्हणणे असे की, सह्याद्रीतल्या वाटांचे ज्ञान शतकानुशतके ज्या एका मार्गाने टिकले तो मार्ग म्हणजे हे बोलणेच आहे. शहरातल्या भटक्यांनी ते निर्माण केले नाही, गडाखालच्या गावांकडून घेतले.

वाटांचे ज्ञान कागदावर का आले नाही, याचे उत्तर गडांच्या रचनेतच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1715 च्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, गडावर येण्याचे मार्ग सोपे नसावेत, असा त्याचा आशय. ज्या राज्याचे संरक्षण अवघड वाटांवर उभे होते, ते राज्य त्या वाटांचे नकाशे काढून ठेवणार नाही. वाट ठाऊक असायची ती गडाच्या मेटांवर पहारा देणाऱ्याला, गडावर लाकूडफाटा आणि दूधदुभते पोचवणाऱ्याला, त्याच्या मुलाला. 1818 नंतर गडांवरची शिबंदी गेली, पण खालची माणसे कुठेच गेली नाहीत. भोर संस्थानाच्या काळातही, 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत आणि त्यानंतरही, गुरांमागे, कारवी तोडायला, मधासाठी, देवीच्या दर्शनाला त्याच धारांवरून ये-जा चालू राहिली. लष्करी गुपित संपले आणि तेच ज्ञान गावचे रोजचे बोलणे झाले.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खुद्द तोरण्याचे नाव आहे. शिवाजी महाराजांनी गड घेतल्यावर त्याचे नाव प्रचंडगड ठेवले. 1403 मीटर उंचीच्या त्या विस्ताराला ते शोभणारेही होते. पुढे 1704 मध्ये औरंगजेबाने गड जिंकला आणि फुतुहुल्गैब असे फारसी वळणाचे नाव दिले. म्हणजे एकाच डोंगराला दोन सत्तांनी आपापले नाव दिले, आणि आज वेल्ह्यात उतरलेला कोणीही तोरण्याचीच वाट विचारतो. दरबारापेक्षा पायथ्याचे बोलणे टिकाऊ ठरले. यावर कोणी राजगडाचे उदाहरण देईल, आणि तो आक्षेप योग्य आहे. तो डोंगर आधी मुरुंबदेवाचा म्हणून ओळखला जाई. महाराजांनी त्यावर गड बांधला, राजगड हे नाव दिले, आणि तेच नाव रूढ झाले. मग बोलणे जिंकते असे कसे म्हणायचे? फरक वापराचा आहे. राजगडावर सुमारे पाव शतक राजधानी नांदली. रोज शेकडो माणसे तिथे चढत-उतरत होती, आणि नवे नाव त्यांच्या तोंडून खालच्या गावांत उतरले. त्याच गडाला मोगलांनी दिलेले नबीशाहगड हे नाव मात्र कागदाबाहेर आले नाही, कारण ते उच्चारत वाट तुडवणारे कोणी नव्हते. नाव हुकुमाने रुजत नाही, ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी बसले तरच रुजते, हे या दोन गडांनी मिळून दाखवले आहे.

शहरी गिर्यारोहण या परंपरेत फार उशिरा आले. मुंबईत गिरिविहार ही संस्था 1954 मध्ये निघाली, पुण्यात गिरिप्रेमी 1982 मध्ये. त्याआधीपासून गो. नी. दांडेकर गडोगडी हिंडत होते. त्यांची ‘वाघरू’ ही कादंबरी राजगडावर घडते. दांडेकरांचे मोठेपण मला यात दिसते की, गडावरच्या माणसाला त्यांनी केवळ वाटाड्या मानले नाही, त्याची भाषा साहित्यात आणली. पुढे आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ आले, इतर मार्गदर्शक पुस्तके आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या वाटा छापल्या गेल्या. ही पुस्तके उघडून शब्द पाहावेत: नाळ, घळ, धार, पदर, खिंड, सोंड, नेढे, टाके, घसारा, ढोरवाट. यातला एकही शब्द गिर्यारोहणाच्या वर्गात घडलेला नाही. सुईच्या नाकाला नेढे म्हणणाऱ्या घरांनी सुवेळा माचीवरच्या आरपार भोकालाही नेढे म्हटले. तेलाच्या बुधल्यासारखा दिसणारा सुळका बुधला झाला. घरातली वस्तू आणि डोंगर यांना एकच शब्द देणारी ही नजर पायथ्याच्या माणसाची आहे.

आजच्या गप्पांत इंग्रजी किती, असे कोणी म्हणेल. रॉक पॅच, बिले, रॅपलिंग, कॅराबिनर हे शब्द प्रत्येक वाक्यात येतात, हे खरे. पण ते कशाची नावे आहेत ते पाहिले पाहिजे. साधने आणि तंत्र बाहेरून आले, त्यांच्याबरोबर त्यांची नावे आली. भूमीची नावे मात्र मराठीच राहिली. ही विभागणीही नवी नाही. किल्ला, बुरूज, दरवाजा, हवालदार हे शब्द अरबी-फारसीतून येऊन गडांवर स्थिरावले. रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशात अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा दुर्गवर्ग आहे. तरीही लोक बुरूजच म्हणत राहिले, आणि मराठीचे त्यात काही बिघडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बोलणे बेभरवशाचे असते. गावकरी ‘हे काय, इथेच’ म्हणतो आणि शहरी पायांना दोन तास लागतात. गप्पांत कड्याची उंची दर वेळी वाढते. हे दोष मान्य करूनही मी म्हणेन की, वाटेविषयीचे बोलणे हे इतर कहाण्यांसारखे नसते, कारण ऐकणारा पुढच्या रविवारी त्याच वाटेने जातो. चुकीचे सांगणाऱ्याची चूक उघडी पडते आणि दुरुस्त होते. दरड कोसळून नाळ बंद झाली, टाके गाळाने भरले, रानात नवी वाट पडली, हे आधी तोंडी पसरते. पुस्तकाची नवी आवृत्ती त्यानंतर येते, किंवा येतच नाही. गावकऱ्याचे ‘इथेच’ हे त्याच्या पायांचे माप आहे. ते समजून घ्यायचे असते, खोटे ठरवायचे नसते. जखमी भटक्याला खाली आणायची वेळ येते तेव्हा तर हे बोलणेच कामी येते. फोनवर ‘कुठल्या नाळेत, कुठल्या पदरावर’ याचे उत्तर जितके नेमके, तितक्या लवकर गावातली पोरे आणि बचावपथक तिथे पोचतात.

हे सर्व आत्ताच मांडण्याचे कारण आहे. 2024 मध्ये वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय झाला. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, आणि राजगड त्यांत आहे. आता फलक लागतील, नकाशे छापले जातील, आणि एकदा फलकावर चढलेले नाव सहसा उतरत नाही. भटक्यांच्या संस्थांना आणि फलक लावणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक धारेचे, नाळेचे, टाक्याचे नाव लिहिण्याआधी गुंजवणे, पाली, वाजेघर, विंझर इथल्या जुन्या माणसांना विचारा. ते जसे उच्चारतील तसेच ते लिहा, आणि शेजारी त्यांच्या गावाचे नाव नोंदवा.