नियम आणि हात

इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावात स्टेशनांचा क्रम कोणाला शिकवावा लागत नाही. म्हणूनच जठराच्या कॅन्सरचा इतिहास वाचताना जपानी शस्त्रवैद्यांची युक्ती माझ्यासारख्या शाळामास्तरालाही चटकन उमगली. जठराभोवतीच्या लसीकाग्रंथींना त्यांनी स्टेशनांसारखे क्रमांक दिले आहेत!

पण ही पुढची गोष्ट. पॅरिसच्या पेआँ यांनी १८७९ साली व पोलंडच्या रिडिगियर यांनी १८८० साली जठराचा रोगट भाग कापून पाहिला. दोघांचेही रोगी दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात बिलरोथ यांच्या हातून एक ४३ वर्षांची बाई वाचली. परंतु चारच महिन्यांनी रोगाने पुन्हा उचल खाऊन तिला नेले. जठर कापले तरी रोग भोवतालच्या ग्रंथींत दडून राहतो. त्या किती काढाव्यात? ज्याचा त्याचा रिवाज निराळा. मग तुलना कशी व्हावी? १९६२ साली जपानात यासाठी मंडळ स्थापन झाले आणि नियम बांधले गेले. जठरालगतच्या ग्रंथींची पहिली रांग, रक्तवाहिन्यांच्या कडेची दुसरी. पुढे दोन्ही काढण्याचा प्रघात पडला.

हॉलंडात १९८९ ते १९९३ या काळात सुमारे ८० रुग्णालयांतील ७११ रोग्यांवर त्याची पारख झाली. एक रांग काढलेल्यांत शस्त्रक्रियेनंतर शेकडा ४ दगावले, दोन काढलेल्यांत १०. मग नियम खोटा काय? वाचकहो, भागाकार करा : चार वर्षांत एका रुग्णालयाच्या वाट्याला नऊ रोगी! हात बसावा कधी? शिवाय प्लीहा व स्वादुपिंडाचे टोकही पुष्कळदा काढले जाई; ते बाधले. २०१० साली पंधरा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा याच कॅन्सरने मेलेले पहिल्या गटात शेकडा ४८ आणि दुसऱ्यात ३७ निघाले. नियम खरा होता. हात कच्चे होते.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथल्या शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी २००६ साली या शस्त्रक्रियेचे आपले आकडे प्रसिद्ध केले आणि ते जगाच्या तुलनेत धरता येतील असे दाखवले. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले, तेही देशभर उपचार एकसारखे व्हावेत म्हणून.

नाशिक-खानदेशाचे किती तरी रोगी आमचा घाट उतरून परळला जातात. कोणी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पथारी टाकतात. नियमाचा कागद टपालानेही घाट चढून येईल. बसलेला हात मात्र इथेच घडवावा लागेल.