उत्तर बंगालचा महापूर आणि आचार्य रायांची झोळी

इ. स. १९२२ च्या सप्टेंबर महिन्याचा अखेरचा आठवडा होता. उत्तर बंगालमधील राजशाही व बोगरा या जिल्ह्यांत आमन भाताचें पीक शेतांत उभें होतें. मार्गशीर्षाच्या सुमारास कापणी व्हावयाची, सावकाराचें देणें फेडावयाचें आणि उरलेल्या धान्यावर वर्ष काढावयाचें, असा तेथील कुळांचा पिढीजात क्रम होता. परंतु त्या आठवड्यांत पाऊस सुरू झाला तो थांबेचना. आत्राई व तिच्या आसपासच्या नद्या पात्र सोडून पसरल्या. मातीच्या भिंतींचीं घरें जागच्या जागीं विरघळलीं. कोठारांतील धान्य कुजलें, गुरांचा चारा वाहून गेला आणि उभें पीक पाण्याखालीं गेलें. श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. या पुरानें माणसें मारलीं त्यापेक्षां कितीतरी अधिक माणसें जिवंत ठेवून निराधार केलीं. बुडालेल्यासाठीं अश्रु ढाळतां येतात; पण वांचलेल्याला पुढील कापणीपर्यंत जगवावें लागतें. मदतकार्याची खरी कसोटी तेथेंच असते.

देशांतील परिस्थितिही अनुकूल नव्हती. चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर फेब्रुवारींत असहकारितेची चळवळ थांबविण्यांत आली होती. महात्मा गांधी मार्च महिन्यापासून पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगांत होते. लोकांच्या मनांत उत्साहाची जागा उदासीनतेनें घेतली होती. अशा वेळीं सरकारी तिजोरीकडे न पाहतां लोकांनीं लोकांसाठीं कांहीं मोठें कार्य उभारावें, असें म्हणणें सोपें होतें; तें करून दाखविणारा पुरुष हवा होता. असा पुरुष कलकत्त्याच्या युनिव्हर्सिटी सायन्स कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत होता. त्यांचें नांव आचार्य प्रफुल्लचंद्र राय.

राय तेव्हां ६१ वर्षांचे होते. प्रकृतीनें ते कृश व राहणीनें विरक्त असून जन्मभर अविवाहित राहिले. कॉलेजच्या इमारतींतील एका खोलींत त्यांचें बिऱ्हाड असे. १८९२ साली केवळ ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनीं औषधांचा जो कारखाना काढला, तोच पुढें बेंगॉल केमिकल या नांवानें प्रसिद्धीस आला. वयाला साठ वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, १९२१ साली, विद्यापीठाकडून पुढें मिळणारा आपला सर्व पगार त्यांनीं रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठीं विद्यापीठालाच देऊन टाकला. त्याच वर्षीं त्यांच्या जन्मप्रांतीं, खुलना जिल्ह्यांत, दुष्काळ पडला होता, आणि त्या वेळीं झोळी घेऊन हिंडण्याचा अनुभव त्यांना आला होता. त्यामुळें १९२२ च्या पुरानंतर बंगाल रिलीफ कमिटी स्थापन झाली, तेव्हां तिचें अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे चालून आलें. ज्यानें स्वतःचा पगार देऊन टाकला आहे त्याच्या हातीं आपला रुपया सुरक्षित राहील, असा विश्वास लोकांना वाटला. सार्वजनिक फंडाचें पहिलें भांडवल हा विश्वासच होय. पैसा त्याच्या मागून येतो.

समितीची कचेरी सायन्स कॉलेजच्या इमारतींतच थाटण्यांत आली. जेथें एरवीं काचेच्या नळ्या व तराजू यांचा वावर, तेथें आतां देणग्यांच्या पावत्या फाडल्या जाऊं लागल्या. बंगालमधून आणि बंगालबाहेरूनही पैसा व वस्त्रें आलीं. श्रीमंतांच्या मोठ्या रकमांबरोबर सामान्य माणसांच्या लहान देणग्याही आल्या. प्रत्यक्ष पूरग्रस्त भागांत सांताहार या रेल्वे जंक्शनाच्या ठिकाणीं कार्याचें ठाणें पडलें. तेथें स्वयंसेवकांचें नेतृत्व करण्यासाठीं एक पंचवीस वर्षांचा तरुण गेला होता. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची जागा त्यानें आदल्याच वर्षीं सोडली होती, आणि नुकताच तो तुरुंगांतून सुटून आला होता. त्याचें नांव सुभाषचंद्र बोस. कलकत्त्याच्या बाजूस तरुण शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनीं कामाचा भार उचलला. तारकांच्या प्रकाशाचा अर्थ लावून ज्यांनीं जगभर कीर्ति मिळविली होती, ते साहा पूर्व बंगालमधील एका खेड्यांतले. पुराचें पाणी त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलें होतें. मँचेस्टर गार्डियन या विलायती वर्तमानपत्राच्या बातमीदारानेंही रायांच्या या कार्यशक्तीची वाखाणणी केली.

परंतु नुसती रक्कम मोठी जमली म्हणजे दान यशस्वी झालें असें नाहीं. गांवोगांव चिखल व पाणी तुडवीत जावयाचें, कोणाच्या घरांत किती माणसें आहेत आणि कोणाजवळ काय उरलें आहे हें पाहावयाचें, आणि मग धान्य द्यावयाचें कीं वस्त्र, चारा द्यावयाचा कीं घर उभारण्याचें सामान, हें ठरवावयाचें. हें काम दिसावयास कोरडें, पण याच्यावांचून दानाचा ओघ धटिंगणांच्या दारीं जातो आणि दुबळा मागें उभा राहतो. शिवाय येथें आणखी एक नाजूक बाब होती. पूरग्रस्तांत मुसलमान शेतकरी बहुसंख्य होते, तर मदतीस धावलेल्या स्वयंसेवकांत हिंदूंचा भरणा होता. उपाशी माणसाची जात किंवा धर्म विचारावयाचा नाहीं, हा नियम तेथें कोणी फलकावर लिहिला नव्हता. तो आचरणांत होता. पुढें याच बंगालमध्यें जे दिवस उगवले ते आठवले म्हणजे या साध्या गोष्टीचें मोल कळतें.

रायांना दुसरी एक चिंता होती. महिनेच्या महिने फुकट धान्य घेणारा माणूस हळूहळू स्वतःच्या नजरेंतून उतरतो. शेतांत पाणी असेपर्यंत शेतकऱ्याच्या हाताला काम नाहीं. मग त्या हातांना काय द्यावें? खुलन्याच्या दुष्काळानंतर रायांचा चरख्यावर विश्वास बसला होता. प्रारंभीं तेही साशंकच होते, हें त्यांच्या प्रामाणिकपणास शोभेसेंच आहे. आत्राईसारख्या ठिकाणीं समितीनें चरखे वाटले व सूत विकत घेण्याची व्यवस्था केली. सूतकताईची मिळकत थोडी होती. गिरणीच्या स्वस्त कापडापुढें तिचा टिकाव लागणें कठीण होतें. तरी भिकेच्या शेरभर तांदळापेक्षां कमाईचे चार पैसे घराची अब्रू राखतात, हा त्यांतील हिशेब चुकीचा म्हणतां येणार नाहीं.

आणि मग मदत करतां करतां एक तिसराच प्रश्न पुढें आला. पाऊस थांबला तरी पाणी कां ओसरत नाहीं? उत्तर बंगालचा हा प्रदेश अत्यंत सपाट. येथील पाणी पूर्वीं मैदानावर पातळ पसरून दक्षिणेकडील बिलांत, म्हणजे विस्तीर्ण दलदलींच्या तळ्यांत, सावकाश उतरून जाई. पण आतां त्या मैदानावर रेल्वेचे उंच बांध पडले होते. गाडी पुरांतही कोरडी जावी म्हणून बांध उंच हवा, हें खरें; परंतु त्याच्या खालून पाणी जावयास पुरेशा मोऱ्या नसतील तर बांधाच्या एका अंगास तळें सांचणारच. राय व साहा यांनीं हें उघडपणें मांडलें. ज्या रुळांवरून मदतीचें धान्य येत होतें, त्याच रुळांच्या बांधानें पाणी अडविलें होतें! येथें दानशूरांची कुचंबणा होते. तांदूळ देणाऱ्याची सर्वजण स्तुति करतात. मोरी लहान कां बांधली असें विचारणारा मात्र पुष्कळांना अप्रिय होतो. रायांनीं दोन्ही केलें, आणि सरकारच्या उदासीनतेवर टीका करतांना आपल्या ‘सर’ या किताबाची भीड धरली नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर केवळ रागानें मिळणारें नव्हतें; त्यासाठीं मोजणी हवी होती. सरकारनें चौकशी सुरू केली, तेव्हां पुराचें पाणी अडवून धरणारे मोठे जलाशय बांधावेत, अशी खर्चिक सूचना पुढें आली होती. प्रशांतचंद्र महालनोबीस हे त्या वेळीं कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनीं १८७० पासून १९२२ पर्यंतच्या पावसाचे व पुरांचे आंकडे तपासले. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा कीं, या भागांत पाणी अडविणारे जलाशय निरुपयोगी ठरतील. पाण्याचा लवकर निचरा होणें हाच खरा उपाय आहे. म्हणजे अशिक्षित कुळें जें डोळ्यांनीं पाहून सांगत होतीं, त्यालाच आंकड्यांचा आधार मिळाला. गंमत अशी कीं, याच महालनोबीसांनीं पुढें ओरिसांतील १९२६ च्या पुराचा अभ्यास करून तेथें मात्र वरच्या अंगास धरणें बांधण्याचा मार्ग दाखविला, आणि महानदीवरील हिराकुड धरणाच्या कल्पनेस त्या गणिताचा उपयोग झाला. रोग एकच दिसला तरी औषध एकच नसतें. तें ठरविण्यासाठीं नाडी पाहावी लागते.

मेघनाद साहांच्या मनांतूनही १९२२ चें तें पाणी गेलें नाहीं. नद्यांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षें लिहीत राहिले. १९४३ साली दामोदर नदीस मोठा पूर आला, तेव्हां नेमलेल्या चौकशी समितींत ते होते, आणि १९४८ साली दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन स्थापन झालें. ज्या तरुणानें एकदां पूरग्रस्तांसाठीं देणग्या जमविल्या, त्याला देणग्यांची पाळीच येऊं नये असें वाटूं लागलें. दयेची ही पुढची पायरी होय.

राजशाही व बोगरा हे जिल्हे १९४७ साली पाकिस्तानांत गेले आणि १९७१ पासून बांगला देशांत आहेत. पावसाला व नद्यांना या सीमा ठाऊक नाहींत. आजही कोठें पूर आला कीं वस्त्रांचे गठ्ठे बांधले जातात, फंड उघडले जातात, तरुण मुलें कमरेइतक्या पाण्यांत उतरतात. तें सर्व योग्यच आहे. मात्र देणाऱ्यानें पावती घेतांना तीन गोष्टी विचाराव्यात: माझा रुपया कोणाच्या हातीं गेला, घेणाऱ्याची मान ताठ राहिली काय, आणि पाणी अडलें तें कोठें? १९२२ साली हे तीनही प्रश्न एकाच इमारतींत विचारले गेले. त्याच सायन्स कॉलेजच्या आपल्या खोलींत १६ जून १९४४ रोजीं आचार्य राय यांनीं देह ठेवला. तेव्हां त्यांच्यापाशीं स्वतःचें असें फारसें कांहीं उरलें नव्हतें. जें होतें तें आधींच वाटून झालें होतें.