'मोडशी' : रोग्याचा शब्द व वैद्याचा कान

'मोडशी' म्हटलें म्हणजे आज आपण अजीर्ण किंवा बिघडलेलें पोट समजतों. सोळाव्या शतकांतील गोव्यांत मात्र हेंच नांव कांहीं तासांत माणूस नेणाऱ्या रोगास होतें. याचा लेखी पुरावा पोर्तुगीज ग्रंथांत आहे. आणि रोगी व वैद्य एकमेकांशीं कोणत्या शब्दांनीं बोलत, हेंही त्यावरून कळतें.

गार्सिया द ओर्ता हा वैद्य इ. स. १५३४ त मार्तिम आफोन्सु द सोझा याजबरोबर हिंदुस्थानांत आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहासही तो औषध देई. शहानें रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें ओर्त्यास सांगावीं व त्यानें शहास लॅटिन सांगावीं, असा तेथील परिपाठ त्यानें स्वतःच नमूद केला आहे. रोगी राजा असला म्हणजे वैद्यासही शिष्य व्हावें लागतें ! गोव्यांत मात्र लोकांच्या तोंडचेच शब्द उचलणें त्यास प्राप्त होतें.

त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यांत १० एप्रिल १५६३ रोजीं छापून झाला. त्यांत ओर्ता व रुआनो यांचें बोलणें चाललें असतां एका रोग्याच्या घरून तांतडीचें बोलावणें येतें, रोग हाच. ओर्ता सांगतो कीं, यास एतद्देशीय लोक 'मोर्शी' म्हणतात, अरबांकडे याचें नांव हैजा, आणि आम्ही पोर्तुगीज बिघडवून 'मोर्देशी' म्हणतों.

येथें लिपीचा विचार केला पाहिजे. पोर्तुगीजांस आपला मूर्धन्य 'ड' नाहीं. तो लिहितांना कोणी 'र' योजी, कोणी 'र्द'. अर्थात् 'मोर्शी' व 'मोर्देशी' हीं दोन्ही 'मोडशी'चींच रूपें होत. गास्पार कोर्रेया यानेंही इ. स. १५४३ ची गोव्यांतील सांथ वर्णितांना 'मोरिशी' असें लिहिलें आहे. ओर्ता ज्यास अपभ्रंश म्हणतो त्यांत 'ड'ची खूण निदान 'द'काराच्या रूपानें टिकली. तेव्हां माझ्या मतें विद्वान् वैद्यापेक्षां सामान्य पोर्तुगीजाचाच कान येथें अधिक खरा. पुढें फ्रेंचांनीं यासच 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचें मरण', करून टाकलें, तें निराळेंच !

ओर्ता नांवावर थांबत नाहीं. एतद्देशीय लोक मिरीं व जिरें घातलेली तांदुळाची पेज पाजतात, पायांस डाग देतात, हेंही तो टिपून ठेवतो.

इ. स. १५६७ त क्लुसियस यानें या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथें छापला व संवादाचें रूप काढून टाकलें. युरोपांत ओर्ता पसरला तो मुख्यतः या संक्षेपानें. द्रव्यगुण राहिले, विचारणारा व सांगणारा गेले.

आपल्याकडील वैद्यकाच्या बाडांत किंवा खासगी पत्रांत 'मोडशी' आढळल्यास केवळ शब्दावरून अजीर्ण किंवा पटकी ठरवूं नये. ओकारी, ढाळ व हातापायांचे पेटके यांचा उल्लेख आहे काय, रोगी किती घटकांत गेला, हें शेजारच्या ओळींत पाहावें. आणि नक्कल करतांना शक, तिथि व गांव यांबरोबर मूळ शब्द जसाचा तसा उतरावा.